वाढत्या अंगाची खोली

९ मार्च, दुपार
(जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या टेबलावरून)

प्रिय दादा,

हे पत्र मी किती दिवस टाळलं ते मलाच माहीत. आधी पेन नव्हतं. पेन मिळालं तर कागद सापडेना. कागद सापडला तर त्याच्या मागे कुणाच्यातरी स्वयंपाकघराचा नकाशा निघाला आणि मी तोच बघत बसले. कारणांचा मला कधी तोटा नसतो, हे तुला काय सांगायचं.

फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

तू बरा असशील. वहिनीची पाठ आता बरी असेल. बाबांचा खोकला आणि शिलाई मशीन, दोन्हींचा आवाज अजून सारखाच येत असेल. मी मजेत आहे. ('मजेत' लिहून पुन्हा वाचून बघितलं. असू दे, लिहिलंय तर.)

तर माझं काम. बेकरी सोडली ते तुला माहीत आहे. त्यानंतर प्रवासी कंपनीत तिकिटं फाडली ते माहीत नसेल, माहीत नसलेलंच बरं. आता मी घरं सजवणाऱ्या एका कंपनीत इंटर्न आहे. इंटर्न म्हणजे शिकाऊ, आणि शिकाऊ म्हणजे जिला कोणीही काहीही सांगू शकतं. सकाळी मी प्लास्टिकच्या झाडांची पानं ओल्या फडक्याने पुसते. मग कापडाच्या नमुन्यांचे जाडजूड गठ्ठे घेऊन मॅडमच्या मागे मागे लोकांच्या घरी जाते. मॅडम म्हणजे आमची मालकीण. तिच्या अंगाला कायम नव्या लाकडासारखा वास येतो आणि ती कुठल्याही खोलीत शिरली की आधी डोळे बारीक करते. तिथे काय आहे ते ती बघतच नाही, काय काढायचं तेवढं बघते.

हे काम बाहेरून दिसतं तसं नाही, दादा. मला वाटलं होतं रंग निवडायचे, पडदे लावायचे, मजा. पण यात अर्धं काम लपवाछपवीचं. पुस्तकांच्या पाठी वेगवेगळ्या रंगाच्या असतात, ते डोळ्याला खुपतं, म्हणून पुस्तकं उलटी लावायची, पानं बाहेर. म्हणजे कुठलं पुस्तक कुठलं ते घरच्यांनाही कळू नये! उशीच्या मधोमध हाताची कड मारून एक खड्डा पाडायचा, म्हणजे कोणीतरी नुकतंच उठून गेलंय असं वाटतं. मॅडमचं एक ठरलेलं वाक्य आहे, "फोटोत माणूस दिसायला नको, राहणीमान दिसायला हवं."

मागच्या महिन्यात एका घरी फोटोसाठी आम्ही एक जुनी वेताची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली. फोटो छान आले. सगळे खूश. निघताना त्या घरातली म्हातारी हॉलच्या मधोमध उभी राहून मला म्हणाली, "बाळ, मग मी आता कुठे बसू?" मी मॅडमकडे बघितलं. मॅडम फोनकडे बघत होती. मी खुर्ची परत आणून ठेवली आणि त्यावरून बोलणी खाल्ली, कारण ती खुर्ची परत येणारच नव्हती. तिच्या मुलाने तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

तेव्हापासून मला कुठलाही मुलगा 'घर जरा नीटनेटकं करून द्या' म्हणाला, की संशय येतो. हे वाक्य लक्षात ठेव.

पडदे मात्र मी मन लावून शिवते. मॅडम कापड अगदी नेमकं कापायला लावते, बोटभरही जास्त नाही. मला आपले शाळेचे कपडे आठवतात. बाबा कसे आत इतकं कापड दुमडून ठेवायचे, "वाढत्या अंगाची पोरं आहेत" म्हणत, आणि दरवर्षी उसवून थोडं थोडं सोडायचे. माझ्या फ्रॉकवर जुन्या घडीची रेघ दिसायची आणि वर्गातली ती शिष्ट पोरगी मला 'रेघांची राणी' म्हणायची. मॅडमला सांगितलं, थोडं कापड आत सोडू या का. म्हणाली, "खिडकी वाढत नसते." बरोबरच आहे म्हणा.

काय सांगत होते? हां, एका साइटचं सांगायचं राहिलं.

इथे आल्या आल्या मॅडमने सांगितलं, नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर प्रोफाइल उघड. तू आहेसच तिथे, टाय लावलेला फोटो आणि खाली 'बँकिंग क्षेत्रातील अनुभवी, टीमला सोबत घेऊन चालणारा'. टीमला! आणि मी तुला जोडणीची विनंती पाठवली ती तू अजून स्वीकारलेली नाहीस. सख्ख्या बहिणीची. तुझ्या ओळखीत सातशे माणसं चालतात, त्यात मी एक जड झाले का? यावरूनच मला पहिला संशय यायला हवा होता. पण मी भोळी.

त्या साइटवर कोणीच साधं बोलत नाही, तुझ्या लक्षात आलंय का? नोकरी लागली की 'सांगताना अत्यंत आनंद होतो'. नोकरी गेली तरी 'नव्या प्रवासाला निघताना मन भरून येतं'. सगळे सगळ्यांचं अभिनंदन करतात. मला तर ती साइट म्हणजे मॅडमने सजवलेली खोलीच वाटते, पुस्तकं उलटी लावलेली. मीपण लावली म्हणा. माझ्या प्रोफाइलवर लिहिलंय 'अवकाशाची जाण, रंगसंगती, ग्राहकसंवाद'. झाडं पुसते असं कसं लिहिणार?

आता मुद्द्यावर येते. (नाहीतर सुट्टी संपेल.)

प्रोफाइल उघडल्यावर काही दिवसांतच एक माणूस माझ्या मागे लागला. मागे लागला म्हणजे तसा नाही. फोटो नाही, चेहऱ्याच्या जागी राखाडी गोळा. नावाच्या रकान्यात 'स्वतःचा', आडनावाच्या रकान्यात 'व्यवसाय'. हे काय नाव झालं? अनुभव, चाळीस वर्षं. बाकी काही नाही. हे स्वतःचा व्यवसाय माझी प्रत्येक पोस्ट बघणार आणि खाली लिहिणार, 'अभिनंदन.' मी उशीचा फोटो टाकला, अभिनंदन. मी खुर्चीच्या प्रकारावरून रागाने 'घर कोणाचं असतं?' असं काहीतरी लिहिलं, अभिनंदन. तापाने पडून होते तेव्हा रजेवर असल्याचं टाकलं, तर त्यालाही अभिनंदन!

मला वाटलं मॅडमचाच हेर असणार. शिकाऊ पोरी कामाच्या वेळात काय करतात ते बघायला ठेवलेला. म्हणून मी पोस्टमध्ये मॅडमचं कौतुक पेरायला लागले. तिथेही अभिनंदन. रिसेप्शनवरची मुलगी, जी माझी इथली एकुलती एक मैत्रीण, म्हणाली, "अगं, एखादा एकटा म्हातारा असेल, हात थरथरत असेल, चुकून दाबलं जात असेल." मी म्हटलं, चुकून दर वेळी अभिनंदनच कसं दाबलं जातं?

आणि गेल्या आठवड्यात त्याच राखाडी गोळ्याकडून कंपनीला चौकशी आली. एक खोली सजवायची आहे, फोटो आणि मापं सोबत जोडली आहेत. शेवटी एक ओळ, 'काम तुमच्याकडच्या शिकाऊ मुलीने करावे.' मॅडमने भुवया उडवल्या. मग म्हणाली, "बघ, साइटचा उपयोग होतो की नाही? हे काम तुझं. आराखडा त्यांना आवडला तर तुला कायम करते. नाही आवडला तर महिनाअखेरीला निरोप घेऊ."

मी फोटो उघडले.

दादा, आता मी तुला जे विचारणार आहे ते शांतपणे वाच.

ती माझी खोली आहे. आपल्या घरातली. मी फोटो मोठा करकरून बघितला. दार आतून कडीपर्यंत निळं आणि वर तसंच मळकट पांढरं. पंधराव्या वर्षी मी रंगवायला घेतलं होतं, मध्येच खाली कुणीतरी सायकल घेऊन आलं आणि मी गेले, ते दार आजपर्यंत तसंच. सगळ्या जगात असं दुसरं दार नसेल. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसतेय. पलंगावर चादर नाही. गादी गुंडाळून ठेवलीय.

गादी का गुंडाळली, दादा?

चौकशीत लिहिलंय, 'खोली एका माणसासाठी हवी. माणूस कायम राहील की येऊन-जाऊन असेल ते नक्की नाही.' आता असा माणूस म्हणजे भाडेकरूच ना? दुसरं कोण येऊन-जाऊन असतं? पुढे, 'दाराला कोणी हात लावू नये.' का? रंगाचा खर्च वाचवायचा म्हणून?

मी तुझ्यावर आळ घेत नाही. फक्त एक-एक गोष्ट जोडतेय. मागच्या फोनवर तू एकदम विचारलंस, "तुझ्या कपाटाची किल्ली कुठे आहे गं?" मी म्हटलं माझ्याकडे, का? तर म्हणालास, "काही नाही, सहज." तू आयुष्यात कधी काही सहज विचारलं आहेस का? तू बँकेत आहेस, खोलीचं भाडं किती येतं ते तुला तोंडपाठ. म्हणजे बँकेतही असायचं आणि वर खोल्या देण्याचा 'स्वतःचा व्यवसाय'ही! बाबांवर मी संशय घेत नाही. बाबा अजून फोन उलटा कानाला लावतात आणि दुकानाची पायरी सोडून कोपऱ्यापर्यंतही जात नाहीत. आईला दवाखान्यात नेलं त्या दिवसानंतर त्यांनी दुकान कधी बंद ठेवलंय? आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते अर्ध्या शटरमागे बसून कुणाचीतरी पँट आखूड करत होते.

आणि सगळ्यात मोठा पुरावा मापांचा. मी आराखडा काढायला बसले तर खोली जमेचना. सगळी मापं इंचात, हे एक. कोण भिंतीची मापं इंचात देतं? आणि दुसरं, सगळी जास्त. माझा पलंग भिंत आणि कपाट यांच्यामध्ये इतका घट्ट बसतो की मला चादर कधी नीट खोचता आली नाही. या मापांप्रमाणे तिथे अख्खा हात आरामात आत जाईल. खिडकी मोठी. कोनाडा मोठा. घाईत चुकलेलं माप कुठे कमी येतं, कुठे जास्त. हे चारी बाजूंनी सारखंच जास्त. म्हणजे चूक नाही, मुद्दाम. खोली मोठी दाखवायची म्हणजे भाडंही मोठं सांगता येतं. हे मी इथे रोज बघते, दादा. मला शिकवू नकोस.

मॅडमला मी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तुम्ही दिलेलं पहिलं काम म्हणजे मलाच माझ्या खोलीतून काढायचं काम आहे? मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. भिंत कुठला रंग, पलंग कुठे. प्रत्येक वेळी पेन्सिल त्याच जुन्या जागी जायची. मॅडम मागून म्हणाली, "एवढा कसला विचार? आधी सगळं काढून टाक, मग विचार कर." आणि आराखडा पसंत पडला की डिझायनरने स्वतः जाऊन प्रत्यक्ष माप घ्यायचं, असा इथला नियम आहे. म्हणजे मी टेप घेऊन आपल्याच दारात उभी राहणार, आणि आतून कोणीतरी परका विचारणार, कोण हवंय?

हसू नकोस.

बरं, एवढं लिहिलंच आहे तर ते एक राहिलेलंही लिहिते. निघताना बाबा जे म्हणाले ते तू ऐकलं होतंस. "घर म्हणजे काय धर्मशाळा आहे का, वाटेल तेव्हा यायचं, वाटेल तेव्हा जायचं?" आणि मी काय म्हणाले तेही तू ऐकलंस. पण तू ते कधी काढलं नाहीस, म्हणून मीही काढलं नाही. "मग द्या ना माझी खोली भाड्याने." बाबांनी मान वर केली नाही. सुईत दोरा ओवत राहिले. दोरा जाईना. मी तशीच निघाले.

तर आता तुम्ही खरंच देत असाल तर मला कुठल्या तोंडाने राग येणार? पण येतोय. इथे मी ज्या खोलीत राहते तिथे आणखी दोघीजणी आहेत, माझी बॅग पलंगाखाली आहे आणि ती मी अजून पूर्ण उघडलेली नाही. इतक्या जागा बदलल्या, पण कुठेही असले तरी मनात असायचं की ते अर्धं दार तिथे आहे. मी तिकडे येत नाही ही गोष्ट वेगळी. येता येणार नाही ही वेगळी.

एवढंच विचारायचं होतं. महिनाअखेरीला इथून निरोप मिळाला तर थोडे दिवस मी घरी

थांब. रिसेप्शनवरची हाक मारतेय. खालून ओरडतेय, "तुझे ते स्वतःचा व्यवसाय आलेत! स्वतः!"

जाऊन बघते तू कोण दलाल पाठवलायस ते. आज त्याची खैर नाही.

*

दादा, बाबा आलेत.

अक्षर वाकडं येतंय, समजून घे. काचेच्या भिंतीतून मी आधी पाठ बघितली. इस्त्रीचा शर्ट, वाकलेला माणूस, पाहुण्यांसाठी ठेवलेला आमचा महागडा सोफा खालून उचलून बघतोय. गळ्यात टेप. दुकानातून निघताना काढायची राहून गेली असणार.

मॅडम म्हणाली, "सर, काय बघताय?"

"शिलाई. वर्षात उसवेल ही. दोरा कच्चा आहे."

मॅडम हसली. तिला वाटलं विनोद. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "ही आमची डिझायनर." डिझायनर! आजपर्यंत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, अगदी गिऱ्हाईकाकडे बघतात तसं, आधी खांदे, मग चेहरा. आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार. आपणच का?"

मी म्हटलं, "हो, सर."

काय करू? माझ्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून ते एवढं नाटक करत होते, त्यात माझ्याच्याने 'बाबा' म्हणवेना. एवढा प्रवास करून आलेला माणूस, आणि मला 'आपण'!

मॅडमने मापांचा कागद पुढे ठेवला. "सर, मापं जरा चुकलीयेत, फोटोतल्या फरश्या मोजल्या तर सगळीकडे दोन-दोन इंच जास्त येतात."

"चुकली नाहीत. सोडून घेतलीत."

"भिंतीला?"

"राहणाऱ्याचं माप अजून ठरलेलं नाही," बाबा म्हणाले. "वाढत्या अंगाचं माणूस आहे. आज घट्ट करून दिलं तर उद्या अडेल."

मॅडम म्हणाली, "वा, काय छान कल्पना आहे," आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. आम्ही दोघं उरलो. मी सोफ्याकडे बघत होते, तेही सोफ्याकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "ते अभिनंदन बरोबर जातं ना गं? शेजारच्या मोबाइलवाल्याने तेवढंच एक शिकवलंय. बाकीचं तोच लिहून पाठवतो."

मी पाणी आणते म्हणून मागे आले आणि हे लिहितेय. पाणी अजून भरलेलं नाही. बाबा तिथे एकटे बसलेत आणि बहुतेक पडद्याची घडी उलटून बघत असतील.

वर तुझ्याबद्दल जे काही लिहिलंय ते खोडत बसायला वेळ नाही. तू वाच आणि मनातल्या मनात मला काय म्हणायचं ते म्हण. पत्र पोस्टात टाकत नाही, पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देते. ते फोडणार नाहीत. आणि ती विनंती स्वीकार आता, लाज वाटते का बहिणीची?

प्रत्यक्ष माप घ्यायला डिझायनरने स्वतः जावं लागतं, हा नियम मी वर लिहिलाच आहे. गादी उन्हात टाकून ठेव. निळा रंग मी इथून आणते, तिथला तुम्ही भलताच घ्याल.

कपाटाची किल्ली पाठवत नाही. मीच घेऊन येते.

तुझी,
अजून माप न ठरलेली,
भिंगरी